यकृताचा ताठरपणा मोजणारी लाट

बोदवडच्या बाजारात भरताची वांगी घेणाऱ्या आजीबाईंना कधी नीट पाहिले आहे का? त्या वांगे हातात घेतात, वजनाचा अंदाज घेतात आणि मग अंगठ्याने हलकेच दाबतात. अंगठा किंचित आत जावा आणि उचलला की साल पुन्हा वर यावी, असे वांगे पिशवीत जाते. दाबल्यावर दाद न देणारे वांगे जून. आतल्या बिया न पाहताच आजींनी आतली स्थिती ओळखलेली असते. केळीच्या घडाची पारख करणारा आपल्या भागातला व्यापारीही हेच करतो.

पदार्थ दाबला असता तो किती दबतो, यावरून त्याच्या आतल्या रचनेविषयी पुष्कळ कळते. डॉक्टर हे फार पूर्वीपासून जाणतात. तुम्ही दवाखान्यात गेलात तर डॉक्टर तुम्हांला उताणे झोपवतात, पाय दुमडायला सांगतात, ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतात आणि उजव्या बरगड्यांच्या खाली बोटे रोवून काहीतरी शोधतात. ते यकृताची कड शोधत असतात. श्वास आत घेतला की छाती आणि पोट यांमधला पडदा खाली येतो, यकृतही त्याबरोबर खाली सरकते आणि मोठे झाले असेल तर बोटांना लागते. ते मऊ आहे की टणक, त्याची कड बोथट आहे की धारदार, हे अनुभवी बोटांना समजते. पण बोटांना आकडा सांगता येत नाही. ‘जरा टणक’ आणि ‘बरेच टणक’ यांमध्ये किती अंतर, हे दोन डॉक्टर दोन प्रकारे सांगतील. शिवाय यकृताचा बहुतेक भाग बरगड्यांच्या पिंजऱ्यात दडलेला असतो. तिथे बोट पोहोचतच नाही.

बरगड्यांच्या आड असलेल्या अवयवाचा ताठरपणा न कापता, न टोचता मोजायचा कसा, याची ही हकिकत. तीत तुमच्या पुस्तकातले अनुतरंग, अवतरंग आणि ‘वेग = अंतर ÷ काल’ हे साधे सूत्र, एवढेच भौतिकशास्त्र आहे. पण आधी यकृत ताठर का होते ते पाहू.

यकृत ताठर होते म्हणजे काय?

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतात येते, तिथे गाळले-पारखले जाते आणि मग पुढे जाते. हे काम करणाऱ्या पेशींच्या ओळी आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या रक्ताच्या बारीक वाटा मिळून निरोगी यकृत बनते. ते स्पंजासारखे मऊ असते.

पेशींच्या ओळींलगत ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. एरवी त्या अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळत निवांत बसलेल्या असतात. यकृताला इजा झाली की त्या जाग्या होतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणू लागतात. गुडघा फुटल्यावर जखमेच्या जागी वण येतो ना, तोच हा प्रकार. इजा एकदाच झाली तर वण विरूनही जातो. पण दारू, कावीळ ब आणि क यांचे विषाणू, यकृतात साठणारी चरबी अशा कारणांनी इजा वर्षानुवर्षे चालू राहिली, तर तंतूंचे जाळे दाट होत जाते. याला तंतुमयता म्हणतात. शेवटी तंतूंच्या पट्ट्यांनी यकृताचे गाठीगाठींत तुकडे पडतात, त्या अवस्थेला सिऱ्हॉसिस किंवा यकृत-सूत्रण असे नाव आहे. ‘सिऱ्हॉसिस’ हा शब्द १८१९ मध्ये लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने दिला. स्टेथॉस्कोप शोधणारा तो हाच.

ताठर यकृतातून रक्त सहज जात नाही. मागे दाब वाढतो, पोटात पाणी साठते (आपल्याकडचा जुना शब्द जलोदर), अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. घातक गोष्ट ही, की इथपर्यंत पोहोचेतो माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. वण दुखत नाही. यकृताची कार्यशक्ती इतकी शिलकी असते, की बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. आणि इजेचे कारण वेळीच दूर केले तर वण बऱ्याच अंशी ओसरूही शकतो. म्हणून मधल्या मुक्या काळात यकृत किती ताठर झाले आहे हे कळणे, यावर रोग्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

पितळी पातेल्याची गोष्ट

महाराष्ट्रात यकृताच्या ताठरपणाने एके काळी लहान मुलांचे बळी घेतले आहेत. सहा महिने ते चार-पाच वर्षे वयाच्या मुलांचे पोट फुगायचे, मूल किरकिरे व्हायचे, यकृत वाढून दगडासारखे लागायचे आणि त्याची कड पानाच्या कडेसारखी पातळ, धारदार भासायची. काही महिन्यांत कावीळ, जलोदर आणि मृत्यू. एकाच घरातली पाठोपाठची भावंडेही या रोगाने गेलेली आहेत. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये या रोगाचे वर्णन केले होते. जगात त्याला ‘भारतीय बालकांचा सिऱ्हॉसिस’ असेच नाव पडले.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या रोगाचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले असते, हे तोपर्यंत लक्षात आले होते. निरोगी माणसाच्या वाळवलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते ८०० किंवा हजाराच्याही वर जाई. एवढे तांबे येते कुठून? त्यांनी मुलांच्या आहाराची कसून चौकशी केली. यांपैकी अनेक मुलांना अगदी लवकर वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले, साठवले जात होते. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हे मांडले.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. भांड्याला नीट कल्हई असेल तर कथलाचा थर दुधाला तांब्यापासून दूर ठेवतो. कल्हई उडाली की दूध थेट पितळेला लागते आणि दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. दुधाची चव बिघडत नाही, रंग बदलत नाही. तान्ह्या मुलाच्या यकृताला मात्र ते तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकता येत नाही. आपल्या आज्या-पणज्या कल्हईवाल्याची वाट पाहत, त्यामागे आंबट पदार्थ कळकू नयेत एवढाच हेतू असे. पण त्या नकळत फार मोठे काम करत होत्या. तांबेच एकटे सर्वस्वी कारण होते की काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही होता, यावर पुढे वाद झाले. ऑस्ट्रियातल्या तिरोल या डोंगरी भागातही १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावल्याची नोंद आहे. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवण्याची रीत होती.

पुढे घरोघरी स्टेनलेस स्टील आले आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलामीन हे तांबे शरीराबाहेर काढणारे औषध देऊन, रोग फार पुढे गेलेला नसेल तर मुले वाचू शकतात हेही दाखवले. वाचलेल्या काही मुलांच्या यकृतातली विकृती कालांतराने ओसरली. पण ‘फार पुढे गेलेला नसेल तर’ हे ओळखायचे कसे? त्या काळी दोनच मार्ग होते, डॉक्टरांची बोटे आणि सुई.

सुई म्हणजे बायॉप्सी. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून यकृताचा धाग्याएवढा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ही परीक्षा आजही केली जाते आणि काही प्रश्नांची उत्तरे तिच्याशिवाय मिळत नाहीत. मात्र तिला तीन अडचणी आहेत. ती दुखते, क्वचित आत रक्तस्राव होतो, आणि निघालेला तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो. कापसाच्या गाडीत एकाच जागी हात घालून मूठभर कापूस काढावा आणि सगळ्या गाडीचा भाव ठरवावा, तसे हे आहे. तंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. शिवाय औषधाचा गुण येतो आहे का हे पाहायला दर सहा महिन्यांनी सुई टोचून घ्यायला कोण तयार होईल?

दोन प्रकारच्या लाटा

आता भौतिकशास्त्राकडे वळू. तुम्ही म्हणाल, पोटाची सोनोग्राफी असते ना, तिच्यात यकृत दिसते, मग ताठरपणा का दिसत नाही? प्रश्न चांगला आहे. सोनोग्राफीत श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी शरीरात सोडतात आणि त्याचे प्रतिध्वनी टिपतात. हा ध्वनी अनुतरंगांच्या रूपाने जातो. कण दाबले जातात, विरळ होतात आणि लाट पुढे सरकते. तिचा वेग पदार्थ सर्व बाजूंनी दाबला असता किती आकसतो यावर ठरतो. यकृत बहुतांशी पाण्याचे बनलेले आणि पाणी तर दाबून फारसे आकसत नाही. म्हणून मऊ यकृत असो वा ताठर, अनुतरंगांचा वेग सेकंदाला १५४० मीटरच्या आसपासच राहतो. ताठरपणा मोजायला ही लाट निरुपयोगी.

दुसरी लाट वेगळी आहे. वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवा आणि वरच्या वहीला आडवा धक्का द्या. वरची वही खालच्या वहीला थोडे ओढते, ती तिच्या खालच्या वहीला. एका थरावर दुसरा थर घसरतो, पण दोन्हींमधल्या पकडीमुळे हालचाल पुढे पोहोचते. कण एका दिशेने हलतात, लाट त्याला काटकोनात जाते. हा अवतरंग. शास्त्रज्ञ त्याला कर्तन-तरंगही म्हणतात. थरांची एकमेकांवरची पकड जितकी घट्ट, तितकी ही लाट वेगाने धावते. यकृतात ही पकड कशाची? अर्थात कोलॅजेनच्या तंतूंची! म्हणून निरोगी यकृतात कर्तन-तरंग सेकंदाला एक-सव्वा मीटर वेगाने रमतगमत जातो, तर सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतात दोन, तीन, क्वचित पाच मीटरपर्यंत वेग गाठतो. शुद्ध द्रवात थरांना पकडच नसते, म्हणून पाण्यात कर्तन-तरंग चालतच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वेगावरून ताठरपणा काढण्याचे सूत्र असे :

ताठरपणा = ३ × घनता × वेग × वेग

हा ताठरपणा म्हणजे तुम्ही तारेच्या प्रयोगात शिकता तो यंगचा गुणांक. घनता पाण्याएवढी, म्हणजे घनमीटरला १००० किलोग्रॅम धरली आणि वेग सेकंदाला १.३ मीटर असला, तर ३ × १००० × १.६९ = ५०७० पास्कल, म्हणजे सुमारे ५ किलोपास्कल. वेग दुप्पट, २.६ मीटर झाला तर? ताठरपणा दुप्पट नव्हे, चौपट होतो, सुमारे २० किलोपास्कल. तुलनेसाठी, पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल असतो. ‘दगडासारखे यकृत’ ही डॉक्टरांची केवळ बोली भाषा.

लाटेची शर्यत

आता वेग मोजायचा. वरणगावहून गाडी किती वाजता निघाली आणि बोदवडला किती वाजता पोहोचली हे ठाऊक असले, दोहोंमधले अंतर ठाऊक असले, की वेग निघतो. यकृतातही तेच करायचे, फक्त घड्याळ फार बारीक हवे. लाटेला चार सेंटिमीटर अंतर जायचे आहे. वेग १.३ मीटर असेल तर सुमारे ३१ सहस्रांश सेकंद लागतील, २ मीटर असेल तर २० सहस्रांश. साधी सोनोग्राफी सेकंदाला पंचवीस-पन्नास चित्रे काढते. दोन चित्रांमध्येच २० ते ४० सहस्रांश सेकंद निघून जातात, तेवढ्यात लाट पसार! इथे श्राव्यातीत ध्वनीचा प्रचंड वेग मदतीला येतो. साडेसहा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला, म्हणजे १३ सेंटिमीटर जायला, त्याला १ सेकंदाच्या दहा-हजारांश भागाहूनही कमी वेळ लागतो. (१३ सेंटिमीटर भागिले १५४० मीटर, हे तुम्हीच करून पाहा.) तेव्हा पूर्ण चित्र काढण्याचा हट्ट सोडला आणि एकाच रेषेवर पुनःपुन्हा ध्वनी पाठवला, तर सेकंदाला हजारो वेळा पाहणी करता येते. सावकाश चालणाऱ्या लाटेवर वेगवान लाटेने पाळत ठेवायची. मला या सगळ्या विद्येतली हीच कल्पना सर्वांत सुंदर वाटते.

ऊतकांचा ताठरपणा प्रतिमेतून दाखवण्याची कल्पना अमेरिकेत ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. यकृतासाठी वापरले जाणारे फायब्रोस्कॅन हे यंत्र पॅरिसमधल्या संशोधनातून जन्मले आणि आता भारतातल्या अनेक रुग्णालयांत आहे. रोगी उताणा झोपतो, उजवा हात डोक्यामागे घेतो. दोन बरगड्यांमधल्या जागी पेन्सिलीच्या टोकापेक्षा थोडी जाड दांडी असलेले उपकरण टेकवतात. दांडी एक हलका टोला देते, टिचकी मारल्यासारखा. त्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ. टोल्याने निघालेली लाट आत शिरते आणि त्याच दांडीच्या टोकावरचा श्राव्यातीत ध्वनीचा स्फटिक कातडीखाली अडीच ते साडेसहा सेंटिमीटर या टप्प्यात तिचा पाठलाग करतो. असे किमान दहा टोले देऊन मधला आकडा घेतात. पाच-दहा मिनिटांत काम संपते. मोजलेला भाग बायॉप्सीच्या तुकड्याच्या निदान शंभरपट असतो.

निरोगी यकृताचा आकडा बहुधा ५ किलोपास्कलच्या आसपास येतो. सात-आठच्या वर गेला तर पुढे तपास करावा लागतो आणि साडेबाराच्या वर गेला तर सिऱ्हॉसिसची दाट शंका येते. या सीमारेषा रोगाच्या कारणानुसार थोड्या सरकतात. यंत्र ७५ किलोपास्कलपर्यंत मोजते. वर दिलेल्या सूत्राने त्याचा वेग काढा, बरोबर ५ मीटर येईल.

बाहेरून टोला देण्याऐवजी श्राव्यातीत ध्वनीच यकृतात एकाग्र करून त्याच्या दाबाने आतल्या आत धक्का देण्याची रीतही निघाली आहे. हे काम सोनोग्राफीच्या आधुनिक यंत्रातच होते. पडद्यावर यकृताचे नेहमीचे चित्र दिसते आणि त्यावर ताठरपणाप्रमाणे रंग भरले जातात. तिसरी रीत एम. आर. आय. ची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये राजा मुथुपिल्लै, रिचर्ड एमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. रोग्याच्या उजव्या बरगड्यांवर एक चपटी डबी बांधतात, ती डफासारखी सेकंदाला ६० वेळा थरथरते आणि चुंबकीय यंत्र यकृतात उठणाऱ्या लाटांचे चक्क चित्र काढते. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा. मऊ यकृतात त्या जवळजवळ असतात, ताठर यकृतात लांब लांब. का ते सांगा पाहू? कंप्रता तीच, वेग वाढला, म्हणजे तरंगलांबी वाढली. एका टोल्याच्या रेषेऐवजी यकृताचा मोठा भाग पाहायला मिळतो. अर्थात यंत्र महाग आणि मोठ्या शहरातच.

या तिसऱ्या रीतीचा आकडाही किलोपास्कलमध्येच येतो, पण त्यात वरच्या सूत्रातला ३ हा गुणक नसतो. त्यामुळे फायब्रोस्कॅनचे ६ आणि एम. आर. आय. चे ६ सारखे नव्हेत. पहिला आकडा दिलासा देणारा, दुसरा काळजीचा. एकक सारखे असले तरी मोजलेली राशी तीच आहे का हे विचारावे, अशी सवय प्रयोगशाळेत लावून घेतलेली बरी.

यंत्र कुठे फसते?

पोटात पाणी साठलेल्या रोग्यात फायब्रोस्कॅनचा आकडा मिळत नाही. का, ते मघाशी लक्षात ठेवायला सांगितले होते. द्रवात कर्तन-तरंग चालत नाही, तो यकृतापर्यंत पोहोचतच नाही. फार लठ्ठ माणसात कातडीखालचा चरबीचा थर जाड असल्याने लाट क्षीण होते, तिथे वेगळे उपकरण वापरावे लागते. याहून मोठी फसगत म्हणजे ताठरपणा नेहमी वणामुळेच नसतो. नुकतीच कावीळ होऊन यकृत सुजले असेल, किंवा हृदय दुबळे झाल्याने यकृतात रक्त तुंबले असेल, तरी ते फुगलेल्या फुग्यासारखे ताठ लागते. नुसते जेवण झाले तरी यकृताकडे जाणारे रक्त वाढते आणि आकडा चढतो. म्हणून तपासणीआधी निदान तीन तास काही खाऊ देत नाहीत. आणि आकडा कितीही अचूक असला तरी इजा दारूची, विषाणूची, चरबीची की तांब्याची, हे तो सांगत नाही. ते शोधायला रक्ततपासणी, चौकशी आणि डॉक्टरांचे डोके लागतेच. पुण्यातल्या त्या मुलांच्या यकृताचा ताठरपणा यंत्राने मोजला असता, तरी पातेल्याची चौकशी माणसालाच करावी लागली असती.

करून पाहा

घरी किंवा शाळेत एक प्रयोग करता येईल. दोन सारख्या काचेच्या वाडग्या घ्या. चायना ग्रास पाण्यात उकळून एका वाडगीत पातळ आणि दुसरीत त्याच्या दुप्पट चायना ग्रास घालून घट्ट जेली जमवा (उकळताना मोठ्यांना जवळ ठेवा). वर चार-पाच मोहरीचे दाणे पेरा. गार झाल्यावर वाडगीच्या कडेला एकेक टिचकी मारा आणि दाण्यांकडे पाहा. पातळ जेलीतले दाणे सावकाश, मोठे झोके घेत डुलतील. घट्ट जेलीतले चटकन, बारीक थरथरून थांबतील. मोबाइल फोनवर संथगतीचे चित्रीकरण केले तर फरक मोजताही येईल. तिसऱ्या वाडगीत नुसते पाणी घेऊन तुलना करायला विसरू नका.

आणि हे एक उदाहरण. एका माणसाच्या यकृतात लाटेला ४ सेंटिमीटर जायला २५ सहस्रांश सेकंद लागले. वेग आला सेकंदाला १.६ मीटर आणि ताठरपणा ७.६८ किलोपास्कल, म्हणजे सीमेवरचा आकडा. चौकशीत कळले, की हा गृहस्थ तपासणीला येण्यापूर्वी स्टेशनाजवळ पोटभर शेवभाजी-भाकरी खाऊन आला होता. तुम्ही तिथे डॉक्टर असाल तर काय कराल?

उत्तर : त्याला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलवून पुन्हा दहा टोले.